तळ्याकडच्या फाटकाला कडी लावू नये

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, पूर्वी सार्वजनिक जलतरण तलावावर पाण्याची देखरेख करणारी आणि आता घरी बसून त्याच्या बरोब्बर उलटे काम करणारी, हे मृत्युपत्र राजीखुशीने वकीलबाईंना सांगून लिहवून घेत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला असून डॉक्टर स्वतः समोरच बसले आहेत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मुलाने आणून पाहिला होता, पण तो माझ्याच वळणावर गेलेला असल्यामुळे दोघांचेही काही चालले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि पुन्हा करायला सवड मिळेल असे वाटत नाही.

कलम पहिले: घर. मी राहते ते घर, त्याच्या तिन्ही खोल्या, गच्ची, मागचा ओटा आणि परसू, हे माझ्या व माझ्या दिवंगत पतींच्या कष्टाचे असून आज माझ्या एकटीच्या नावे आहे. ते मी माझ्या सुनेला देते. मुलाला नाही. मुलावर माझा राग नाही, माया आहे आणि ती राहील. पण तो फरसबंदीची कामे घेतो आणि उघडी माती दिसली की त्याचे हात शिवशिवतात. पुढच्या अंगणाची त्याने वाट लावलीच आहे. तिथल्या फरश्यांवर दुपारी पाय ठेववत नाही, आणि पाऊस पडला की सगळे पाणी चोरी केल्यासारखे रस्त्याकडे पळते. आता त्याला मागचे तळे बुजवून तिथे गाडी उभी करायची आहे. "आई, तुझ्यानंतर हे डबकं मी बुजवणारच," असे तो माझ्या तोंडावर म्हणाला. खोटे बोलत नाही एवढा गुण त्याने बापाचा घेतला आहे.

म्हणून सुनेला घर देताना माझी अट अशी. तिने इथे राहावे, भाड्याने द्यावे, वाटल्यास विकावे; पण तळे बुजवू नये, त्याचे काठ सिमेंटने बांधू नयेत, आणि परसाच्या मागच्या फाटकाला आतून कडी लावू नये. फाटकाचे कारण पुढे येईल. ते आधी सांगितले तर वकीलबाई लेखणी खाली ठेवतील.

कलम दुसरे: शिल्लक. बँकेत जे काही उरेल ते मुलाला व सुनेला निम्मे निम्मे. मुलाने त्याच्या वाट्यातून गाडीसाठी दुसरीकडे जागा पाहावी. दागिने नाहीत. होते ते मुलाच्या पहिल्या फरशी कापायच्या यंत्रात गेले, आणि ते यंत्र अजून चालते, त्यामुळे त्याची मला खंत नाही.

कलम तिसरे: अवजारे. लांब दांड्याची जाळी, पितळी बादली आणि पाण्याचा रंग तपासायच्या काचेच्या नळ्या सुनेला द्याव्यात. नळ्या आता कशाच्याही कामाच्या नाहीत, फुले ठेवावीत.

जाळीबद्दल मात्र दोन शब्द. तलावावर माझे काम एकच होते: पाणी निळे दिसले पाहिजे आणि त्यात काहीही जगता कामा नये. रोज पहाटे मी जंतू मारायची पावडर कालवून सोडत असे. चतुर नावाचे किडे बिचारे फसायचे, चमकते पाणी पाहून त्यात अंडी घालायचे, त्या अंड्यांचे पुढे काही व्हायचे नाही. संध्याकाळी बेडूक उडी मारायचे. भिंती सरळसोट आणि गुळगुळीत, वर यायला वाट नाही. सकाळी मी याच जाळीने त्यांना उचलून कुंपणापलीकडे टाकत असे. तेव्हाच मनाशी घेतले होते की घरी कधी पाणी ठेवलेच तर ते उताराचे ठेवीन, आत पडलेल्याला चालत बाहेर येता येईल असे. सुनेने जाळीने फक्त पडलेली पाने काढावीत, तीही निम्मी. काढलेला ढीग एक रात्र काठावरच ठेवावा म्हणजे त्यातले जीव आपापल्या घरी परत जातात.

कलम चौथे: तळे. ते दोन खाटांएवढे आहे, मधोमध कमरेइतके खोल, आणि स्वयंपाकघराच्या बाजूने हळूहळू वर येत मातीला मिळते. त्या उताराला एक दगडी पायरी आहे. तळाशी चिकणमाती दाबून बसवली आहे. गच्चीचे पाणी पन्हाळीतून तळ्यात येते, आणि तळे भरून वाहिले की भाजीच्या वाफ्यांत मुरते.

यात मी एकही जीव आणून सोडलेला नाही. लोकांना हे खरे वाटत नाही. मी फक्त पाणी भरले आणि वाट पाहिली. आधी पाण्यावर चालणाऱ्या निवळ्या आल्या, मग चतुर, मग बेडूक, बेडकांमागे दिवड जातीचा एक पाणसाप, आणि दिवडामागे शेजारी तक्रार घेऊन आले. डास होतात म्हणाले. त्यांना मी तळ्यातले भांडेभर पाणी दाखवले. चतुराच्या अळ्या आणि बेडकांची शेपटीवाली पिल्ले डासांच्या अळ्या शिल्लक ठेवत नाहीत. डास निघाले ते त्यांच्याच कुंड्यांखालच्या ताटल्यांत. त्यानंतर ते महिनाभर बोलले नाहीत आणि मग लव्हाळ्याचा एक गड्डा मागायला आले. आज ते साक्षीदार म्हणून आले आहेत आणि हे ऐकून छताकडे बघत आहेत.

बेडूक गोगलगाई खातात, म्हणून माझ्या पालेभाजीला कधी औषध लागले नाही. मधमाश्या कडेच्या ओल्या दगडांवर उतरून पाणी पितात आणि जाताना भोपळ्याच्या फुलांवर जातात. उन्हाळ्यात या गल्लीत पाखरांना प्यायला एवढेच उघडे पाणी असते. स्वयंपाकघराची खिडकी उघडली की पंखा लावावा लागत नाही. दिवे लागायच्या सुमारास वटवाघळे पाण्यावरचे किडे टिपत फिरतात, त्यांना घाबरू नये.

रंगीत मासे सोडू नयेत, ते अंडी-पिल्ले सगळे फस्त करतात. तळाचा गाळ खरवडू नये. नळाचे पाणी घालायची वेळ आली तर ते आधी पिंपात उघडे ठेवावे, पावडर उडून जाऊ द्यावी आणि मग घालावे. पाणी हिरवे झाले तर हात बांधून बसावे. ते आपले आपण निवळते. पाणी ठेवले की येणारे येतात, आणि कोणी यायचे हे आपण ठरवायचे नसते. हे वाक्य मी बेडकांविषयी म्हणत असे. आता मला तेवढेच म्हणायचे नाही.

कलम पाचवे: माझे पती. त्यांना तलावावर सगळे शिट्टीमास्तर म्हणत. काठावरच्या उंच खुर्चीत बसून पाण्यातल्या माणसांवर नजर ठेवणे हे त्यांचे काम. खोलात जाऊ नका, पळू नका, ढकलू नका, वेळ संपली बाहेर या. जन्मात त्यांनी एक नियम मोडला नाही. अंगाला पावडरीचा वास असा मुरला होता की निवृत्तीनंतरही पावसात भिजले की तो सुटायचा.

हे तळे त्यांनीच खणले. मी उतार मागितला, त्यांनी उतार दिला, आणि मला बसायला म्हणून ती पायरी कुठूनशी आणून बसवली. पहिल्याच उन्हाळ्यात पाणी हिरवे झाले. नव्या तळ्याचे होतेच. मी तेव्हा बहिणीच्या बाळंतपणाला गेले होते. मास्तरांना वाटले, आख्ख्या गावाचे पाणी निळे ठेवणाऱ्या बाईच्या घरी हिरवे पाणी, हिला किती लाज वाटेल. त्यांनी तलावावरून पावडर आणली आणि रीतसर, मापाने, जशी मी टाकत असे तशी टाकली.

मी परत आले तेव्हा ते पायरीवर खांद्याला पंचा टाकून उभे होते. पाणी निळे होते.

"बघ," ते म्हणाले, "तळ दिसतोय."

तळच दिसत होता. त्यावर सगळे पडले होते, चतुराच्या अळ्या, निवळ्या, बेडूक पोटे वर करून. दुसऱ्या कोणाच्या हातून ही चूक झाली नसती. आमच्यासारख्या तलाववाल्यांच्या घरीच ती व्हायची. आज मला हे कळते, तेव्हा कळत नव्हते. मी म्हणाले, "पुन्हा या पाण्याला हात लावायचा नाही. पायसुद्धा लावायचा नाही."

ते "बरं" म्हणाले. त्यानंतर मागच्या फाटकातून घरी येताना ते तळ्याच्या काठाने कधी आले नाहीत. कुंपणाच्या भिंतीला अंग घासत, पालापाचोळ्याच्या खड्ड्याला वळसा घालून यायचे. लोकांत ते तळ्याला डबके म्हणायचे, म्हणून त्यांना ते आवडत नाही असा मुलाचा समज झाला, आणि काही अंशी माझाही. आवडत नव्हते असे नाही. त्यांना मनाई होती. माणूस मरेपर्यंत नियम पाळतो. हे पुढेही पाळत आहेत.

कलम सहावे: मागच्या फाटकाचे कारण. बेडूक पावलांच्या धमकाने गप्प होतात. हे काही माझे शास्त्र नाही, तळे असलेल्या कोणालाही विचारा. माणूस जवळ आला की जवळचे आधी थांबतात, तो पुढे गेला की मागचे पुन्हा सुरू होतात. डोळे मिटून ओट्यावर बसले तरी कोण कुठवर आले ते कानांनी कळते.

मास्तर गेल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात, दिवेलागणीला, फाटकाकडचे बेडूक गप्प झाले. मला वाटले सून आली. मग लव्हाळ्यातले थांबले आणि फाटकाकडचे सुरू झाले. ती शांतता तळ्याच्या काठाकाठाने, चालत्या माणसाच्या वेगाने, पायरीपर्यंत आली आणि तिथे उभी राहिली. मी डोळे उघडले. पायरीवर कोणी नव्हते. पण वास होता. तो वास मी चुकणार नाही, निम्मे आयुष्य त्यात गेले आहे.

तेव्हापासून बेडूक बोलत असतील त्या प्रत्येक संध्याकाळी हे होते. जिवंतपणी ज्या काठाने ते आले नाहीत त्या काठाने येतात, पायरीवर थांबतात, आणि थोड्या वेळाने शांतता आली तशी परत जाते. सुनेनेही ते ऐकले आहे. ती पहिल्यांदा घाबरली, आता त्या वेळी हातातले काम ठेवून गप्प बसते. मुलगा म्हणतो, मांजर असेल. मांजराने बेडूक गप्प होतील, पण पायरीवरचे शेवाळ पांढरे पडणार नाही. पायरीवर दोन पावलांएवढ्या जागेत शेवाळ धरत नाही, आणि धरले तर पांढरे पडून गळते. मुलगा म्हणतो, दगडात चुना आहे. त्याला दगडातले कळते, मी वाद घालत नाही. एवढेच लक्षात आणून देते की त्या पावलांचे अंगठे पाण्याकडे आहेत आणि पाण्याच्या रेषेअलीकडे थांबले आहेत.

तळे बुजवले तर हे थांबेल अशी कोणाची समजूत असेल तर ती चूक आहे. येणारा येतच राहील. फक्त तो आल्याचे तुम्हाला कळणार नाही.

कलम सातवे: माझी स्वतःची गोष्ट. इतकी वर्षे मी या बेडकांचे पाणी राखते, तरी मी ओट्यावरून खाली पाय ठेवला की तेही तोंड मिटायचे. मला त्याचे वाईट वाटायचे. या पावसाळ्यापासून ते माझ्यासाठी थांबत नाहीत. मी काठाने फिरते, पायरीवर टेकते, काठी आपटून पाहते; ते ओरडतच राहतात. परवा एक माझ्या पायावरून गेला आणि वाटेत थांबलाही नाही. सून म्हणते, "आई, सवय झाली त्यांना तुमची." इतक्या वर्षांत न झालेली सवय आताच कशी होईल? शेजारी म्हणतात, मलाच ऐकायला कमी येत असेल. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि उत्तम आहे म्हणून लिहून दिले. दाखल्यात बेडकांचा उल्लेख नाही, तो इथे करून ठेवते. त्यावरूनच मी वकीलबाईंना बोलावणे धाडले.

कलम आठवे: परवानगी. माझे दिवंगत पती यांना मी घातलेली मनाई या कलमाने उठवते. त्यांनी त्या पायरीवर बसावे आणि पाण्यात पाय सोडावेत. हात घातला तरी चालेल.

वकीलबाई इथे थांबल्या. "आजी, हयात नसलेल्या माणसाला काही देता येत नाही. हे कलम टिकणार नाही."

"टिकवायचं कुठंय?" मी म्हटले. "ऐकू गेलं म्हणजे झालं."

म्हणून हा मजकूर आज दिवेलागणीला, मागच्या ओट्यावर, दार सताड उघडे ठेवून मोठ्याने वाचावा आणि त्यानंतरच सह्या व्हाव्यात.

यातला धोका मला कळतो. ज्या पायांनी शेवाळ पांढरे पडते ते पाय पाण्यात गेले तर काय होईल हे मी एकदा पाहिलेले आहे. उद्या सकाळी पुन्हा सगळे पोटे वर करून तळाशी दिसतील. तसे झाले तर सुनेवरच्या सगळ्या अटी संपल्या, मुलाने खुशाल तळे बुजवावे. मला फार भीती वाटते. पण मी गेल्यावर मनाई उठवणारे कोणी उरणार नाही, आणि तो माणूस जगबुडीपर्यंत पायरीवर उभा राहील. त्याला मी ओळखते.

कलम नववे: शिट्टी. पतींची शिट्टी, दोरीसह, मुलाला. तळ्याजवळ उगाच वाजवू नये. वडील पाण्यात राहिल्याने काही वाईट होते आहे असे कधी दिसले, तर काठावर उभे राहून एकदा लांब वाजवावी. ते बाहेर येतील. वेळ संपल्यावर पाण्यात थांबणाऱ्यांपैकी ते नव्हेत.

पुरवणी. वरील मजकूर वकीलबाईंनी ठरल्याप्रमाणे ओट्यावर वाचला. हजर: मी, मुलगा, सून, डॉक्टर, शेजारी. पुढचे माझ्या सांगण्यावरून वकीलबाईंनी लिहिले आहे. अक्षर वेडेवाकडे आले आहे ते त्यांचेच आहे.

सहावे कलम वाचून होईतो फाटकाकडचे बेडूक थांबले. फाटकात कोणी नव्हते, सगळ्यांनी वळून पाहिले. वकीलबाई अडखळल्या, मी त्यांना वाचत राहायला सांगितले. शांतता काठाने आली. आठवे कलम सुरू झाले तेव्हा ती पायरीवर होती आणि वास ओट्यावर आला होता. डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावला. मुलगा हाताची घडी घालून खांबाला टेकला होता. लहानपणी तो या वासाच्या खांद्यावर बसून घरी यायचा. त्याची घडी सुटलेली मी पाहिली.

परवानगीचे वाक्य वाचून झाले. काहीच झाले नाही. तसे व्हायलाच हवे होते, हा माणूस दुसऱ्यांदा सांगितल्याशिवाय हलत नसे. मी तोंड उघडले, पण माझ्याआधी मुलगा बोलला. पायरीकडे बघून, अगदी रोजच्या आवाजात.

"बाबा, सावकाश. दगड निसरडा आहे."

मग पाण्याचा आवाज झाला. कोणी पाय सोडून बसावे तेवढाच. लाटेचे एक वळे उतारापासून निघून लव्हाळ्यापर्यंत गेले, पाने हलली. मी श्वास धरून बसले होते. पहिला बेडूक ओरडला तो पायरीच्या अगदी शेजारून. मग सगळेच सुरू झाले, आणि शांतता परत फाटकाकडे गेली नाही.

सून रडत होती.  मुलगा वकीलबाईंना म्हणाला, "ती कडीची अट राहू दे. कडी मी उद्या काढूनच टाकतो."

नववे कलम त्यानंतर वाचले. शिट्टी त्याने खिशात ठेवली.

ठिकाण: घरचा मागचा ओटा. दिनांक: नऊ जुलै दोन हजार पंचवीस, बुधवार.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिला: (सही) डॉक्टर. बाई सही करताना पूर्ण शुद्धीवर होत्या. माझ्या स्वतःविषयी तेवढ्या खात्रीने सांगू शकत नाही.

साक्षीदार दुसरा: (सही) शेजारी. सातव्या कलमातील बेडकांची बाब मला ऐकून खरी वाटली नव्हती, म्हणून पुढील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहून देत आहे. सह्या झाल्यावर मी परसातून निघालो तेव्हा माझ्या पावलांनी बेडूक गप्प झाले. बाई मला फाटकापर्यंत पोचवायला आल्या. मी बाहेर चप्पल घालीपर्यंत बेडूक पुन्हा सुरू झाले होते. बाई तळ्याच्या काठाने, काठी टेकत, परत गेल्या. एकही थांबला नाही. पायरीपाशी त्या बसल्या, कोणाला तरी थोडे सरकून घ्या म्हणाल्या, आणि पाय पाण्यात सोडले. त्याचा आवाज झाला नाही. हे लिहायला मी फाटकातूनच परत आलो असून चप्पल घातलेलीच आहे.